कोरड्या तोंडाचं वर्ष

रोज रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आणि तोंडात कवळी असलेल्या माणसांसाठी मी हे लिहिते आहे. अशी माणसं कमी नाहीत. पण या दोन गोष्टी ती एका ठिकाणी कधी सांगत नाहीत. गोळीचं एका डॉक्टरला सांगतात, कवळीचं दुसऱ्याला. मीही तेच करत राहिले.

तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या बोर्डावर बसत असे. नवरा फौजेत हवालदार, त्या वेळी आसामच्या बाजूला. घरात मी, आठवीतली मुलगी नंदा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मी नोकरीला जाते म्हणून नातीकडे बघायला त्या रहिमतपूरजवळच्या आमच्या गावाहून येऊन राहिल्या होत्या. माझं माहेर सांगलीचं.

खुर्चीतून परत

बहात्तरच्या दुष्काळातून माणसं नुकती सावरत होती, त्या उन्हाळ्यात माझे दात हलायला लागले. हिरड्यांतून रक्त नंदाच्या वेळच्या बाळंतपणापासूनच यायचं. मिठाच्या गुळण्या करून मी बारा-तेरा वर्षं वेळ मारून नेली होती. आता पू यायला लागला, खालच्या दाढेनं गाल सुजला, तेव्हा रजा टाकून सांगलीला दादाकडे गेले. दादाच्या ओळखीचे एक दातांचे डॉक्टर होते, वयानं माझ्याहून लहानच.

त्यांनी तोंडात पाहिलं आणि सांगितलं की पायरिया फार पुढे गेलाय, हळूहळू सगळेच दात काढावे लागतील. ते ऐकून मला मोठा धक्का बसला नाही. सुटका होईल असंच वाटलं. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, डोकं दुखतं का? मी म्हटलं, सकाळी उठल्यावर मागच्या बाजूनं दुखतं, बोर्डावर हेडफोन घालून बसावं लागतं त्यामुळं असेल. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला, कपाटातून पट्टा काढला आणि दंडाला गुंडाळला. एकदा पाहिलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं.

"ताई, आज दात काढता येणार नाही," ते म्हणाले. "तुमचं प्रेशर फार आहे. दात काढला आणि रक्त थांबलं नाही तर मी काय करू? आधी साताऱ्यात डॉक्टरांना दाखवा."

चिठ्ठीवर त्यांनी दोनशे दहाचा आकडा लिहिला होता. दाढ काढायला गेले ती तीच दाढ घेऊन, वर आणखी एक आजार घेऊन परतले. इस्लामपूर, कऱ्हाड करत एसटी साताऱ्याकडे चालली होती. मी गालाला पदर लावून बसले होते आणि मला सारखे माझे वडील दिसत होते. मी चौदा वर्षांची असताना ते अंगणात चप्पल घालायला वाकले आणि उठलेच नाहीत. डोक्यात रक्त चढलं, असं लोक म्हणाले होते. इतकी वर्षं मी त्या वाक्याचा अर्थ लावला नव्हता. तो त्या एसटीत लागला.

दोन गोळ्या

साताऱ्याचे डॉक्टर वयस्क होते, हाताला गुण असलेले. त्यांच्या दवाखान्यात बाकांवर जागा मिळत नसे. त्यांनी दोन गोळ्या दिल्या. एक दाब उतरवायची, दुसरी अंगातलं पाणी लघवीवाटे काढायची. मीठ बंद. गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आणि दाब खाली आल्याशिवाय दाताला हात लावू द्यायचा नाही.

मी विचारलं, दाढेच्या दुखण्यानं दाब वाढत असेल का? ते म्हणाले, असेलही थोडा. म्हणजे दाब आहे म्हणून दाढ काढता येत नव्हती, आणि दाढ आहे म्हणून दाब पूर्ण उतरत नव्हता. सहा आठवडे मी लवंग चावत आणि पेज गिळत काढले. दोन्ही डॉक्टर बरोबर होते, त्यामुळे चिडायचं कुणावर हेही कळत नव्हतं.

गोळीनं गुण दिला. पण पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी सुरू झाल्या. दिवसभर अंगावर ओली घोंगडी टाकल्यासारखी झोप यायची, आणि तोंड कोरडं पडायचं. साधी तहान लागल्यासारखं ते नव्हतं. पाणी पिऊन दोन मिनिटं झाली की जीभ पुन्हा टाळूला चिकटायची. घास तोंडात फिरायचा नाही. मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही. बाकांवर एवढी माणसं बसलेली असताना तोंड कोरडं पडतं हे काय सांगायचं?

दाब उतरल्यावर चार वेळा सांगलीला जाऊन सगळे दात काढून आले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवता येणार नव्हती. ते तीन महिने मला ऑफिसात बोर्डावरून उठवून कॉलच्या चिठ्ठ्या लावायला बसवलं. सुपरवायझरबाईंनी ते समजून उमजून केलं होतं, तरी मला ती शिक्षा वाटे. घरी नंदा माझ्याबरोबर जेवायचं टाळू लागली. एकदा तिच्या मैत्रिणी आल्या तेव्हा हळूच म्हणाली, "आई, तोंडावर पदर घे ना."

मी घेतला. आत्यांनी ते ऐकलं होतं. त्यांच्याही तोंडात एकही दात नव्हता आणि त्यांनी कधी पदर घेतला नव्हता. त्या दिवशी त्या मुद्दाम त्या मुलींमध्ये जाऊन बसल्या आणि तोंडभर हसत गप्पा मारत राहिल्या.

मेढ्याचा कॉल

कवळी आली तेव्हा आरशात मला पाच वर्षांपूर्वीची मी दिसले. नंदा खूश झाली. मी बोर्डावर परतले. वरची कवळी बरी बसायची, खालची मात्र जिभेबरोबर वर यायची. दातांचे डॉक्टर म्हणाले होते की सवय व्हायला महिना जाईल. महिना गेला, दीड गेला. वरचीही सुटायला लागली. कोरड्या टाळूवर ती धरतच नव्हती. खाली हिरडीवर घासून घासून जखमा झाल्या.

आमच्या कामात आकडे बोलावे लागतात. सहा, सात, साठ, सत्तर, सदुसष्ट. दात नीट नसले की हेच आकडे दगा देतात. हवा नुसती शिट्टीसारखी निघून जाते.

एका दुपारी मेढ्याहून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा कॉल आला. मुलीला पुण्याला निरोप द्यायचा होता, तिच्या आईचं काही खरं नव्हतं. मी नंबर वाचून दाखवला. त्यांना कळला नाही. पुन्हा वाचला.

"आवं बाई, जरा नीट बोला की. काय म्हंताय त्ये उमजंना."

तिसऱ्यांदा बोलताना वरची कवळी सुटून खाली आली आणि तोंडापुढच्या भोंग्यावर खटकन आपटली. शेजारच्या बोर्डावर माझी मैत्रीण विमल बसत असे. तिनं माझी कॉल जोडायची दोरी काढून आपल्याकडे घेतली आणि तो कॉल जोडला. जोडायला बराच उशीर झाला होता. ती मुलगी वेळेवर पोचली की नाही, मला आजही माहीत नाही.

बाटली जवळ ठेवून पाणी पीत राहायचा उपाय मी करून पाहिला. पण दुसरी गोळी पाणी काढायची होती. अर्ध्या तासात उठावं लागे, आणि बदली माणूस आल्याशिवाय बोर्ड सोडता येत नसे. पाणी प्यावं तर उठता येत नाही आणि न प्यावं तर बोलता येत नाही. हेडफोनची दोरी बोर्डाला अडकवलेली असते. त्या दिवसांत ती आपल्या गळ्यातच आहे असं मला वाटायचं.

चिठ्ठी

मी पुन्हा सांगलीला गेले. दातांच्या डॉक्टरांनी कवळी घासून पाहिली, माप पुन्हा ताडून पाहिलं, मग माझ्या गालाच्या आतून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.

ते म्हणाले, कवळीत दोष नाही. कवळी लाळेवर धरते. ओल्या काचेवर काच ठेवली की कशी चिकटते, तसं. तुमच्या तोंडात लाळच नाही. हे कशानं झालं, कुठलं औषध चालू आहे? मी गोळ्यांची नावं सांगितली. त्यांनी मान हलवली आणि साताऱ्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. औषध बदलता येण्यासारखं असेल तर पाहावं, एवढंच लिहिलं होतं. मी विचारलं, दुसरी कसली कवळी नाही का, पक्की बसणारी? ते म्हणाले, बाहेरच्या देशांत जबड्याच्या हाडातच दात बसवायचे प्रयोग चालू आहेत असं वाचतो, पण ते आपल्या कामाचं नाही, आणि तुमच्या दाबात मी तसं काही करणारही नाही.

साताऱ्यात डॉक्टरांनी चिठ्ठी घेतली, टेबलावर कागदाच्या थप्पीखाली सरकवली आणि पट्टा बांधला. दाब उत्तम होता. ते खूश झाले. मी कसंबसं कवळीचं बोलले. ते म्हणाले, "बाई, ही गोळी तुम्हाला मानवलीय. आता तिला हात लावायचा नाही. दात महत्त्वाचे की जीव?"

जीव, असंच मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नऊ दिवस

हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

ऑफिसात माझ्याबद्दल दोन तक्रारी गेल्या होत्या. मला कायमचं चिठ्ठ्यांवर बसवायचं चाललं होतं. त्याच सुमारास एका सोमवारी सकाळी मी आत्यांच्या देखत गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायले, पण त्या गालात धरून ठेवल्या आणि न्हाणीघरात जाऊन दोन्ही थुंकल्या. का थुंकल्या याचा मी आदल्या दिवशी विचार केला नव्हता. एक आठवडा बोलून दाखवू, मग पुन्हा सुरू करू, असं काहीतरी डोक्यात होतं. औषध फेकवेना म्हणून कागदात गुंडाळून बंबामागच्या कोनाड्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी तोंडाला पाणी सुटलं. आमटीच्या वासानं तोंडाला पाणी सुटतं हे मी विसरून गेले होते. झोप गेली, अंग हलकं झालं. कवळी टाळूला अशी बसली की काढताना ओढावी लागली. बोर्डावर मी "सत्त्याहत्तर" म्हटलं आणि विमलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सुपरवायझरबाई म्हणाल्या, बरं झालं, जमलं तुम्हाला. मी बरी आहे असं वाटायला लागलं. आपल्याला दाब नाहीच, डॉक्टरांनी उगीच घाबरवलं, इथपर्यंत माझं मन गेलं. डोक्याचा मागचा भाग पुन्हा दुखू लागला होता. त्याला मी पुन्हा हेडफोनचं नाव दिलं.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास हातात दोरी होती आणि समोरचं भोक सापडेना. बोर्डावरचे दिवे एकमेकांत मिसळले. डाव्या हाताची बोटं आपली वाटेनात. विमलला हाक मारायला गेले तर तोंडातून नुसता आवाज आला. मला वाटलं कवळी सुटली. कवळी जागच्या जागी होती.

वॉर्ड

मोठ्या सरकारी दवाखान्यात मी अकरा दिवस होते. अर्धांगाचा लहानसा झटका, असं निदान झालं. हात आणि तोंडाची डावी बाजू ढिली पडली होती. पहिल्याच दिवशी नर्सनं कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली. कुशीवर वळलं की ती वाटी दिसायची.

सकाळी दाब, मग सुई, मग अळणी पेज, दुपारी दाब, संध्याकाळी दाब. पट्टा आवळला जाई तेव्हा मी श्वास धरून ठेवायची, जणू त्यानं आकडा कमी येणार होता. नर्स ओळखायची. दंडावर थोपटून म्हणायची, सोडा श्वास. एवढ्यानंच मला रडू यायचं. गोळ्या थांबवल्या होत्या हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गोळ्या देणाऱ्या माझ्या डॉक्टरांना कळेना, औषध चालू असताना दाब एवढा चढला कसा. ते वॉर्डातही रोज येऊन बघत आणि माझ्यामुळे बुचकळ्यात पडत. मला तोंड उघडवत नव्हतं.

पाचव्या दिवशी आत्या आल्या. पेजेचा डबा ठेवला, कॉटवर बसल्या, आणि पदराची गाठ सोडून कागदाची पुडी माझ्यासमोर उघडली. बंब पेटवताना त्यांना ती सापडली होती.

"ह्या तुझ्याच नव्हं?"

मी मान हलवली. त्यांनी आवाज चढवला नाही.

"का गं पोरी?"

जीभ जड होती. एकेक शब्द जुळवत मी सगळं सांगितलं. कोरडं तोंड, मेढ्याचा कॉल, चिठ्ठी, बोर्ड. अर्धा तास तरी लागला असेल.  शेवटी आत्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलं आसतंस तर मी काय तुला खाल्ली आसती व्हय?"

मग पुडी पुन्हा पदरात बांधून त्या उठल्या. पेजही भरवली नाही. कुठे चालल्या ते मला कळलं नाही.

आत्यांचा प्रश्न

पुढचं मला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं. आत्या तडक त्यांच्या दवाखान्यात गेल्या, बाकांवरच्या माणसांना ओलांडून आत शिरल्या आणि पुडी टेबलावर ठेवली. पोरीनं औषध थुंकलं, चूक तिची आहे, असं आधी स्वतःहून सांगितलं. मग विचारलं, "सायेब, सांगलीच्या डाक्टरानं चिठ्ठी दिली व्हती. ती वाचलीसा का?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. वाचली नाही म्हणाले. थप्पी उपसून चिठ्ठी काढली आणि आत्यांसमोर उभ्यानं वाचली.

"मंग आता तुमी दोगं एकमेकांशी बोला," आत्या म्हणाल्या. "तिला मधी घालू नगा. तिला न्हाई बोलाय जमत."

त्याच दुपारी डॉक्टरांनी सांगलीला ट्रंक कॉल लावला. तो विमलनं जोडला. तीन मिनिटं झाली की मधे बोलून तसं सांगायचा आमचा नियम. विमल मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, तुझं नाव ऐकलं आणि मी घड्याळाकडे बघितलंच नाही. ते किती वेळ बोलले ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर कॉटजवळ स्टूल ओढून बसले. असे ते कधी बसले नव्हते. रागावतील म्हणून मी भिंतीकडे बघत होते. ते म्हणाले, दुसऱ्या जातीची गोळी देऊन बघू. दाब आटोक्यात यायला वेळ लागेल, कदाचित दोन-तीनदा बदलावी लागेल. पाण्याची गोळी कामाच्या वेळेनंतर घ्या. तोंड पूर्वीइतकं ओलं होईल असं मी सांगत नाही. पण काही झालं तर आधी मला येऊन सांगायचं. बाकावर कितीही माणसं असली तरी.

किती जमलं

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिली बदललेली गोळी पुरली नाही. दुसरीनं नाडी फार मंद झाली. तिसरी मानवली, त्यात चार महिने गेले. तोंड अर्धं ओलं झालं. दातांच्या डॉक्टरांनी हिरड्यांच्या जखमा भरू दिल्या आणि मगच नवी कवळी केली. वरची आता धरते. खालची जेवताना मी काढून ठेवते, बोलताना घालते. हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. मला बोर्डावर परत घेतलं, पण अर्धाच दिवस, उरलेला दिवस चिठ्ठ्या. साठ आणि सत्तर मी सावकाश बोलते.

माझ्या अनुभवातून एवढंच सांगण्यासारखं आहे. तोंड कोरडं पडणं ही लहान गोष्ट नाही, ती सांगा. दात काढायच्या आधी, कवळी करायच्या आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते सांगा. आणि गोळीचा त्रास होतो म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका. दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. त्यांना ते सुचत नसेल तर तुमच्या घरातल्या कुणाला तरी सुचेल.

हे आसामहून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं.  मग ते रोज सकाळी माझ्यासमोर उभे राहायला लागले. मी गोळी गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं, फौजेत हजेरी घेतात तसं. मला राग यायचा. मी चाळीस ओलांडलेली बाई आहे, नंदासमोर हे करू नका, म्हणून मी एकदा भांडलेही. ते म्हणाले, "भांड, पण आ कर."

सुट्टी संपली आणि ते गेले. त्याच आठवड्यात शाळूच्या काढणीसाठी आत्या गावाकडे गेल्या. नंदा सकाळच्या शाळेला गेली होती. घरात मी एकटीच होते. डब्यातून गोळी काढून तळहातावर घेतली. त्या दिवशी बोर्डावर माझी सकाळची पाळी होती, आणि ही गोळी घेतली की अकरानंतर तोंड थोडं कोरडं पडतंच. समोर कुणी उभं नव्हतं. तोंड उघडून दाखवायचं नव्हतं. न्हाणीघराचं दार उघडं होतं.

मी गोळी जिभेवर ठेवली, भांडंभर पाणी प्यायले, आणि ती घशाखाली उतरेपर्यंत तिथंच उभी राहिले. मग कवळी घातली आणि ड्यूटीला निघाले.